तिसरा डबा

मिथिला पोतनीसच्या डबे परत पोचवणाऱ्या पहिल्या यंत्रानं सोसायटीतली झाडून सगळी भांडी तपासली आणि निष्कर्ष काढला, की या इमारतीतली सगळ्यात श्रीमंत व्यक्ती म्हणजे सप्रेम भेट.

यंत्राची त्यात काही चूक नव्हती. भांड्यावर कोरलेलं नाव वाचायचं आणि भांडं त्या माणसाकडे पोचवायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. आपल्याकडे भांड्यावर मालकाचं नाव नसतं, देणाऱ्याचं असतं, ही गोष्ट मिथिलाला लहानपणापासून माहीत होती. पण माहीत असलेली गोष्ट कामाच्या वेळी आठवतेच असं नाही. यंत्रानं एका घरातून तांब्या उचलला, त्यावर 'कै. दत्तोपंत यांच्या स्मरणार्थ' असं वाचलं, आणि दत्तोपंत कुठं राहतात हे विचारत ते दिवसभर पार्किंगमध्ये फिरत राहिलं. शेवटी वॉचमननं त्याला बाकावर बसवलं आणि ते आता नसतात म्हणून सांगितलं. यंत्रानं विचारलं, "कधी येतील?"

मिथिलाचा धंदाच असा होता. घरातल्या बारीकसारीक कटकटी शोधायच्या आणि त्यावर यंत्र काढायचं. तिचं आधीचं यंत्र म्हणजे दूध उतू जाण्याआधी हाक मारणारं झाकण. ते उत्तम चालायचं. पण हाक आईच्या आवाजात रेकॉर्ड केली होती, त्यामुळे घरोघरची माणसं "आले आले" म्हणायची आणि यायची नाहीत.

या वेळची कटकट मात्र मोठी होती. प्लास्टिकचे डबे कायद्यानं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. हॉटेलचं जेवणसुद्धा आता स्टीलच्याच डब्यात यायचं. कऱ्हाडच्या त्या कोयनाई सोसायटीत प्रत्येक घरात दुसऱ्याचे डबे होते, स्वतःचे डबे दुसऱ्याकडे होते, आणि कुठल्याच डब्याची नसलेली झाकणं सगळ्यांकडे होती. दर दिवाळीला माणसं कंटाळून नवे डबे घ्यायची आणि जुने भंगारात घालायची. ते बहुतेक शेजाऱ्यांचे असायचे. नगरपालिकेनं मिथिलाला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती: डबे आपापल्या घरी पोचू देत, भंगार कमी होऊ दे, जमलं तर ओला कचराही, मग हे यंत्र प्रत्येक वॉर्डात लावू.

नावं वाचण्याचा प्रयोग फसल्यावर मिथिला डबे वाजवू लागली.

स्टीलच्या डब्याला टिचकी मारली की तो वाजतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो एकाच स्वरात वाजत नाही. पत्रा एका वेळी अनेक तऱ्हांनी थरथरतो. काठ वेगळा, पोट वेगळं, बूड वेगळं. त्या सगळ्या कंपनांची मिळून एक जुडी होते. पत्र्याची जाडी कुठं केसभर कमी असते, कुठं काठ दुमडताना ताण राहिलेला असतो, आणि घरात आल्यावर तर पोचे पडतातच. त्यामुळे एका कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन डबेसुद्धा सारखे वाजत नाहीत. माणसाच्या बोटाचा ठसा असावा तसा डब्याचा नाद. शिवाय आत काय आहे तेही त्यावरून कळतं. भरलेला डबा बद्द वाजतो, आणि आमटीचा बद्दपणा चिवड्याच्या बद्दपणापेक्षा वेगळा असतो. नारळवाला नारळावर टिचकी मारून जे ऐकतो तेच हे. फक्त मिथिलाच्या यंत्राचा कान हजारपट तिखट होता.

नवं यंत्र गुडघ्याएवढं होतं. तीन चाकं, वर एक ट्रे, आणि पुढं रबरी टोकाचं एक बोट. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव टकटक्या ठेवलं. ते घरोघर जाऊन प्रत्येक डबा वाजवून नोंदवून घेई. मग कुणी दारात धुतलेला डबा ठेवला, की टकटक्या येई, टिचकी मारी, लिफ्टनं वरखाली करी आणि डबा मालकाच्या दारात ठेवून म्हणे, "आपला डबा परत मिळाला. धन्यवाद."

आठवडाभरात इमारतीतले सगळे डबे आपापल्या घरी गेले, आणि अर्ध्या इमारतीनं उरलेल्या अर्ध्या इमारतीशी बोलणं सोडलं.

सोसायटीचे अध्यक्ष घोरपडे यांनी तातडीची सभा बोलावली.

"पहिल्या मजल्यावरच्यांनी आमचा डबा रिकामा पाठवला," ते म्हणाले. "रिकामा. लख्ख धुऊन. आम्ही त्यात गाजराचा हलवा दिला होता."

"आम्ही नाही पाठवला हो," पहिल्या मजल्यावरून उत्तर आलं. "आम्ही वाळत ठेवला होता. ते कार्टं उचलून घेऊन गेलं."

दिलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यात काहीतरी घालायचं. अगदी काही नसलं तर चिमूटभर साखर. मिथिलाला हेही माहीत होतं. तिनं तिथल्या तिथं टकटक्याला साखरेची एक नळी बसवायचं कबूल केलं: रिकामा डबा परत करताना यंत्रच त्यात चिमूटभर साखर सोडेल. यावर उसाच्या मुलखात साखरच का, गूळ का नको, असा मुद्दा निघाला आणि सभा जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. गूळ नळीत अडकतो या तांत्रिक कारणावर साखर मंजूर झाली. गूळवाल्यांनी आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला.

तर असं सगळं सुरळीत झालं.

*

घरचे डबे नोंदवताना मिथिलानं स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा एक गोल डबा काढला. त्यातल्या वाळलेल्या मिरच्या तिनं ताटात ओतल्या.

"तो राहू दे," तिची आई म्हणाली.

मेधा पोतनीस शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली की त्या पूर्ण गुण द्यायच्या नाहीत. घरातही तोच नियम होता. कुठलीही गोष्ट त्यांना नीट केल्याशिवाय करता येत नसे, आणि त्यामुळे बऱ्याच गोष्टी राहून गेल्या होत्या.

"आपला नाहीये हा," मिथिला म्हणाली. "कोणाचा आहे?"

आईनं एका मिरचीचा देठ मोडला. "संजूचा."

संजू म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या संजीवनी यादव. त्याच शाळेत खेळाच्या बाई, कधीकाळी जिल्ह्यात गोळाफेकीत दुसऱ्या आलेल्या, आणि मेधाताईंची सख्खी म्हणावी अशी मैत्रीण. म्हणजे, होती. मिथिला कॉलेजात असताना तिचे बाबा अचानक गेले. तेव्हा घरात चूल पेटत नव्हती. संजूमावशी रोज जिना उतरून या डब्यात वरणभात घेऊन यायची आणि मेधाताईंच्या समोर बसून त्यांना चार घास गिळायला लावायची. शेवटच्या दिवशी डबा इथंच राहिला. त्यानंतर दोघींमध्ये हळूहळू बोलणंच उरलं नाही. मिथिलाला आजवर वाटत होतं, दोघींचं काहीतरी बिनसलं असेल.

"भांडण?" आई म्हणाली. "कशाचं भांडण? डबा द्यायचा राहिला."

"एवढंच?"

"सुतकात घरातून काही द्यायचं नसतं, म्हणून तेव्हा दिला नाही. मग म्हटलं, काहीतरी छान करून देऊ. करायला हातच उठेनात. मग वर्ष गेलं. वर्षानं रिकामा कसा देऊ? आणि भरून तरी काय देऊ? नवरा गेला तेव्हा जिनं घास भरवला, तिला चार शंकरपाळे?"

"शंकरपाळे चांगले असतात."

"पहिल्या महिन्यात चालले असते. वर्षानं द्यायचं तर काहीतरी मोठं हवं. पाच वर्षांनी त्याहून मोठं. जितका उशीर, तितकं जास्त."

मिथिलानं मनातल्या मनात आलेख काढला. "या हिशेबानं आता त्यात फ्लॅट घालावा लागेल."

आई हसली नाही. "ती जिन्यात भेटली की मला तिचं तोंड दिसत नाही गं. डबाच दिसतो. म्हणून मी बोलत नाही. मी बोलत नाही म्हणून ती बोलत नाही. तिला वाटत असेल, काम झाल्यावर मेधानं ओळख टाकली."

"मग जाऊन सांग ना तसं."

"रिकाम्या हातानं?"

मिथिलानं मिरच्या परत डब्यात भरल्या आणि डबा फळीवर ठेवला. तो नोंदवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती यंत्र घेऊन संजूमावशीकडे गेली. दार उघडल्यावर मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाळलीस," ती म्हणाली. "बस. डबं मांडते."

तिच्याकडे एकात एक बसणाऱ्या डब्यांचा सेट होता. असा सेट एकाच पत्र्याचा असतो आणि आकार ठरावीक प्रमाणात वाढत जातो. त्यामुळे वाजवले की स्वरही पायरीपायरीनं उतरत जातात. टकटक्यानं ओळीनं टिचक्या मारल्या आणि दुसऱ्याच्या पुढच्या डब्यावर टिचकी मारल्यावर त्याचं बोट क्षणभर हवेतच थांबलं. सा आणि रे झाल्यावर कुणी एकदम म म्हटला, तर ग कुठं असायला हवा होता हे ऐकणाऱ्याला कळतंच. तसं त्यालाही कळलं. न पाहिलेल्या डब्याचा नाद त्यानं गणितानं काढला आणि विचारलं:

"संचातील क्रमांक तीन आढळत नाही. शोध घ्यावा का? हो किंवा नाही असं सांगा."

मिथिलानं मावशीकडे पाहिलं. मावशीनं खिडकीकडे पाहिलं.

"एक न्हाई त्यातला," मावशी म्हणाली. "असंल कुठंतरी. असू दे."

"विचारलं नाहीत कधी? ज्यांच्याकडे असेल त्यांना?"

"डबा मागायला जायचं व्हय कुणाच्या दारात? मागितला की संपलंच की." तिनं उरलेले डबे एकात एक घालायला सुरुवात केली. तिसऱ्याच्या जागी पोकळी असल्यामुळे आतले डबे खुळखुळत होते. "आई बरी हाय का?"

"बरी आहे."

"हं."

यंत्र अजून उत्तराची वाट पाहत होतं. मिथिलाच्या मनात आलं, जे आईला जमत नाही ते यंत्राला जमेल. हे तिला सगळ्याच बाबतींत वाटायचं. त्यावरच तिचं पोट होतं. मावशी डबे ठेवायला आत गेली, आणि मिथिला हळूच "हो" म्हणाली.

*

फाटकाजवळच्या फलकावर इमारतीच्या ओल्या कचऱ्याचा आकडा रोज दिसायचा. तो वाढत होता.

मिथिलानं वजनाचा काटा बदलून पाहिला. मग कचऱ्याच्या बादलीत डोकावून पाहिलं. कढी होती, उसळ होती, अख्खा साबुदाण्याचा वडा होता. भंगार कमी झालं होतं, डबे घरोघरी होते, आणि माणसं अन्न टाकत होती. घोरपड्यांच्या सूनबाईंना तिनं सरळ विचारलं, "पूर्वी उरलेल्या कढीचं काय करायचा तुम्ही?"

"पूर्वी? पूर्वी कुणाचा ना कुणाचा डबा ओट्यावर पडलेला असायचा. तो दिसला की वाटायचं, परत करायचाय, भरा काहीतरी. मग कढी जायची त्यातून." त्या जरा थांबल्या. "आता ओटा कसा मोकळा असतो बघा. छान झालं."

ओट्यावर पडलेला दुसऱ्याचा डबा ही तिनं कटकट धरली होती. तीच तर सगळी यंत्रणा होती. प्रत्येक जण कुणाचं तरी देणं लागत होता, म्हणून उरलेलं अन्न इमारतीभर फिरत होतं. टकटक्यानं सगळ्यांची देणी चिमूटभर साखरेत मिटवली होती.

हे घरी जाऊन आईला सांगावं म्हणून ती जिना चढली, तर दार सताड उघडं होतं. दिवाळीच्या साफसफाईत आईनं सगळे डबे धुऊन बाहेर कट्ट्यावर उन्हात पालथे घातले होते. आई त्यांच्यासमोर उभी होती. हातात मिरच्यांचं ताट होतं.

"डबा कुठाय?" आई म्हणाली.

"कुठला?" मिथिलानं विचारलं, पण तिला कळलं होतं.

"मी आत फडकं आणायला गेले. टक टक असं काहीतरी ऐकू आलं. बाहेर येते तर जागा रिकामी." आईनं ताट खाली ठेवलं. "आणि त्यात ते साखर घालतं ना गं?"

"घालतं."

आई कट्ट्यावर बसली. "रिकामा गेला असता तर विसरले असं म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "साखर घालून गेला म्हणजे आठवणीनं हिशेब मिटवला. तिच्या वरणभाताची किंमत मी चिमूटभर साखर लावली."

"तू नाही लावलीस. मी लावली. मी जाऊन सांगते तिला."

"काय सांगणार? डबा यंत्रानं नेला, आई तर अजिबात देणार नव्हती, असं?"

मिथिला उरलेले डबे आत नेऊ लागली.

त्या दिवसापासून आईनं लिफ्ट सोडली, कारण लिफ्टमध्ये संजू भेटली असती. मग जिनाही सोडला, कारण संजू व्यायाम म्हणून मधूनच जिना धरायची. मग बाहेर जायचंच राहिलं. मिथिलानं मांडे आणले, आईनं खाल्ले नाहीत. दारासमोरून टकटक्या गेलं की आई आतून म्हणायची, "गेलं का ते?"

*

पार्किंगमध्ये शिट्टी वाजली. संजूमावशी सकाळी सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवायची. तिनं म्हाताऱ्यांना हात वर करून उभं राहायला सांगितलं आणि मिथिलाला खांबाआड बोलावलं.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "एकदा माघारी पाठवला असता तरी मला कळलं असतं. दोनदा पाठवायची गरज नव्हती."

"काय पाठवलं?"

"डबा. साखर घालून पाठवला तिनं, तर मला वाटलं, चला, मेधानं गोड केलं. एवढ्या वर्षांनी का होईना. म्या सांज्याच्या पोळ्या केल्या. तिला आवडत्यात म्हणून. डबा भरला आणि तुझ्या त्या गाड्याकडं दिला. तर अर्ध्या मिन्टात डबा माझ्या दारात. भरलेला. झाकण पण न उघडलेला." तिचा आवाज जरा हलला, म्हणून तिनं शिट्टी वाजवली. म्हाताऱ्यांनी हात खाली घेतले. "परवा पुन्हा दिला. पुन्हा तसाच. भरलेला डबा परत करतात व्हय कुणी? शत्रूचा पण न्हाई करत."

मिथिलाला काहीतरी दिसू लागलं, आणि ते बरं नव्हतं. "मावशी, पोळ्या आहेत का अजून?"

"भूक लागली व्हय तुला?"

"नाही. वर चला. मला बघायचंय."

चौथ्या मजल्यावर मावशीनं तिसरा डबा पोळ्यांनी भरला, झाकण लावलं आणि टकटक्याच्या ट्रेमध्ये ठेवला. "पोतनिसांकडं," तिनं निक्षून सांगितलं. टकटक्या लिफ्टच्या दिशेनं निघालं. चार हात गेलं. थांबलं. बोट वळवून डब्यावर टिचकी मारली. मऊ, थरांचा पदार्थ, असं पुटपुटलं. मग आणखी एकदा टिचकी मारली, जागच्या जागी वळलं, मावशीच्या दाराशी आलं आणि डबा खाली ठेवला.

"आपला डबा परत मिळाला. धन्यवाद."

दोघी डब्याकडे पाहत राहिल्या.

"त्याला फक्त डबा कोणाचा ते कळतं," मिथिला हळू आवाजात म्हणाली. "कोणाला द्यायचा ते मी त्याला शिकवलंच नाही. कुठलाही डबा मालकाकडे न्यायचा, बस. आईपर्यंत तो गेलाच नाही मावशी. दोन्ही वेळा."

"म्हणजे मेधानं बघितलंच न्हाई?"

"नाही. आणि साखरही तिची नव्हती. ती यंत्राची. डबाही तिनं पाठवला नाही. ती तो कधीच पाठवणार नव्हती. रिकामा द्यायचा नाही, आणि भरायला पुरेसं काही सापडत नव्हतं, म्हणून तिनं तो फळीवर ठेवला होता. मिरच्या घालून."

संजूमावशीनं वाकून डब्याचं झाकण घट्ट दाबलं. मग म्हणाली, "एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं."

"पुरेसं काय सापडायचं होतं तिला?"

"फ्लॅट."

मावशीच्या तोंडून हसू आणि हुंदका यांच्या मधलं काहीतरी बाहेर पडलं. नेमक्या त्याच क्षणी टकटक्याला वाटलं, की मालकानं डबा अजून उचलला नाही. त्यानं पुढं होऊन नम्रपणे टिचकी मारली आणि पुन्हा म्हणालं, "आपला डबा परत मिळाला. धन्यवाद."

मावशीनं डबा उचलला. जिल्ह्यातली दुसऱ्या क्रमांकाची गोळाफेक गुडघे गेले तरी खांद्यात शिल्लक असते. तिनं एक पाऊल मागं घेतलं, कंबरेतून वळली आणि डबा फेकला.

टकटक्या जाड प्लेटचं होतं. डबा त्याच्या कपाळावर आपटला आणि ठणठणत जिन्याच्या कठड्याला जाऊन लागला. झाकण घट्ट असल्यामुळे पोळ्या आतच राहिल्या, पण डब्याच्या पोटात मुठीएवढा पोचा पडला.

टकटक्या त्याच्याजवळ गेलं. टिचकी मारली. थांबलं. पुन्हा मारली. पत्रा वाकला होता, ताण बदलला होता, कंपनांची सगळी जुडी विस्कटली होती. तो ग आता सरगममधल्या कुठल्याच जागी बसत नव्हता.

"ओळख पटत नाही," टकटक्या म्हणालं. "मालकाचा शोध सुरू करीत आहे."

त्यानं डबा ट्रेमध्ये घेतला आणि लिफ्टनं खाली गेलं. बेवारस डब्यासाठी मिथिलानंच त्याला शिकवलं होतं: तळमजल्यापासून एकेक दार वाजवायचं आणि विचारायचं. मिथिला त्याला थांबवायला धावणार होती, पण मावशीनं तिचा दंड धरला.

"जाऊ दे त्याला. बघू तर."

दोघी जिन्यानं मागोमाग उतरल्या. तळमजल्यावर टकटक्यानं घोरपड्यांचं दार वाजवलं. "हा डबा आपला आहे का? हो किंवा नाही असं सांगा." घोरपड्यांना सांज्याचा वास आला आणि ते म्हणाले, हो, आमचाच. टकटक्यानं आत जाऊन त्यांचे सगळे डबे वाजवून पाहिले, कुणाशीच मेळ बसला नाही, आणि ते बाहेर आलं. घोरपडे त्याच्यामागं वासावर बाहेर आले. पहिल्या मजल्यावर एका बाईंनी नाही म्हटलं, पण पोचा कशानं पडला म्हणून चौकशी केली आणि त्याही निघाल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत मागं बरीच वरात झाली. मावशीनं सगळ्यांना हातानं जिन्याच्या वळणावरच थांबवलं. शिट्टीची गरज पडली नाही.

टकटक्यानं पोतनिसांचं दार वाजवलं.

मेधाताईंनी दार उघडलं. खाली पाहिलं. मिरच्यांच्या फळीवर इतकी वर्षं रोज दिसणारा डबा पोचा असला तरी ओळखू येतो.

"हा डबा आपला आहे का?" टकटक्यानं विचारलं. "हो किंवा नाही असं सांगा."

जिन्यात कुणी हललं नाही. आई नाही म्हणाली, तर यंत्र डबा घेऊन पुढच्या दाराशी जाईल. हो म्हणाली, तर ते खोटं होईल, आणि आई खोट्याला गुण देत नाही.

"माझा नाही," मेधाताई म्हणाल्या. "पण माझ्याकडे असतो."

"उत्तर समजलं नाही," टकटक्या म्हणालं. "हो किंवा नाही असं सांगा."

"सांगितलं ना. माझा नाही. माझ्याकडे असतो."

"उत्तर समजलं नाही."

"तुला नसंल समजलं," जिन्यातून आवाज आला. "मला समजलं."

संजूमावशी पुढं आली. मेधाताईंनी तिला पाहिलं आणि पदर सारखा केला, जसा तो वर्गात शिरताना करायच्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मधे टकटक्या होतं.

"ती साखर माझी नव्हती, संजू," मेधाताई म्हणाल्या.

"कळलं. पोरीनं सांगितलं." मावशीनं ट्रेमधला डबा उचलला आणि झाकण काढलं. "पोळ्या हायेत. तुकडं झालं असतील. फेकला म्या."

"कोणावर?"

मावशीनं हनुवटीनं टकटक्याकडे दाखवलं. मेधाताईंनी वाकून यंत्राच्या कपाळावरचा ओरखडा पाहिला. "अचूक आहे," त्या म्हणाल्या. त्या ओरखड्याला त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

मग त्यांनी पोळीचा एक तुकडा घेतला. दारातच उभ्या राहून खाल्ला. दुसरा घेतला. मावशी नुसती बघत राहिली, फार पूर्वी समोर बसून बघायची तशी. तिसऱ्या तुकड्याला मेधाताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते वेलदोडा जास्त झालाय असं सांगून पुसलं. मावशीनं वेलदोडा घातलाच नव्हता, पण ती तसं म्हणाली नाही.

टकटक्या तिसऱ्यांदा म्हणालं, "हो किंवा नाही असं सांगा."

मिथिला जमिनीवर मांडी घालून बसली, त्याच्या पाठीवरचं झाकण उघडलं आणि तिथल्या तिथं त्याला तिसरं उत्तर शिकवलं. हो, नाही, आणि माझा नाही पण माझ्याकडे असतो. हे तिसरं उत्तर दिलेल्या डब्याला यंत्रानं यापुढं हात लावायचा नव्हता. साखरेची नळीही तिनं काढून खिशात घातली. जिन्यातल्या गर्दीनं ते पाहिलं. घोरपडे म्हणाले, आमच्याकडचा हलव्याचा डबा पहिल्या मजल्यावर असायचा, तो तिथंच बरा होता. पहिल्या मजल्यावरच्या म्हणाल्या, मग आणा की वर, पण रिकामा आणू नका.

दिवाळीपर्यंत फलकावरचा कचऱ्याचा आकडा खाली आला. नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले, तेव्हा इमारतीतला जवळजवळ प्रत्येक डबा चुकीच्या घरात होता. साहेबांनी विचारलं, "मग हे यंत्र नेमकं करतं काय?" मिथिलानं खरं तेच सांगितलं, की ते प्रत्येक दारात जाऊन डबा वाजवतं, कोणाचा आहे ते ओळखतं, आणि तिथंच सोडून पुढं जातं. साहेबांनी कचऱ्याचा आकडा पुन्हा पाहिला, आणि अशी दहा यंत्रं मागवली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दुपारी मावशी आत येऊन ओट्याला टेकली, आणि मेधाताईंनी डबा घासून, पुसून, पोचा बाहेरच्या बाजूला येईल असा हातात धरला.

"आता हा कधी परत करू?" त्यांनी विचारलं. आवाजात जुनी काळजी होती. "आणि काय घालून?"

संजूमावशीनं त्यांच्या हातातून डबा घेतला. ताटातल्या मिरच्या मूठमूठ त्यात भरल्या, झाकण दाबलं, आणि स्टूल न घेता, टाचा उंचावून, तो वरच्या फळीवर ठेवून दिला.

"बघ सवडीनं," ती म्हणाली. "चहा टाक."